नकाशा शिकवावा लागतो

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



महाराष्ट्राच्या सीमेबाहेर साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालवणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. ते तुम्ही केले आहे. म्हणून गौरवाचे शब्द मी थोडक्यात आवरतो आणि आजच्या विषयाकडे वळतो. भूगोल आणि नकाशाशास्त्र या विषयावर बोलावे, असे मला सांगण्यात आले. हा विषय व्याख्यांनी मांडण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्याच्या आधाराने मांडावा असे मी ठरवले. तो माणूस यॉर्कशायरचा, एका साध्या घरात जन्मलेला इंग्रज होता. पण त्याची कबर आपल्यापासून फार दूर नाही. ती वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे. जुनवानी, भिलाई, दुर्ग या परिसरातील कितीतरी मराठी घरांचे आजोळ विदर्भात आहे. सुटीत हिंगणघाटच्या रेल्वे स्थानकावरून गेलेली मंडळी या सभागृहात नक्कीच असतील. भारताच्या शास्त्रशुद्ध नकाशाचा पाया घालणारा माणूस त्या गावी चिरनिद्रा घेत आहे, ही गोष्ट मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

त्यांचे नाव विल्यम लॅम्बटन. २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असताना, त्यांचा वाटेत मृत्यू झाला. तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी गाठली होती असे मानतात. त्या दिवशी हिंगणघाट आणि आपले छत्तीसगड हे दोन्ही प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या एकाच राज्यात मोडत होते. इंग्रजांचा अंमल बसलेला होता, गादीवर तिसरे रघुजी होते. तेव्हा लॅम्बटन यांची कथा आपल्याला अगदीच परकी नाही.

ते मूळचे लष्करातले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एक प्रसंग घडला. रात्रीच्या अंधारात जनरल बेअर्ड यांची तुकडी चालली होती. लॅम्बटन यांनी आकाशातील तारे पाहिले आणि आपण दक्षिणेकडे नव्हे, उत्तरेकडे, म्हणजे थेट टिपू सुलतानाच्या फौजेच्या दिशेने चाललो आहोत, हे सेनापतींना सांगितले. सेनापतींना आधी ते पटले नाही. पण दिशा खरोखरच चुकली होती. शिपाईगिरी करणाऱ्या या माणसाच्या डोक्यात अक्षांश-रेखांश किती मुरलेले होते, हे यातून कळते.

मोहीम संपताच त्यांनी कंपनी सरकारपुढे एक योजना ठेवली आणि तिला ‘गणिती आणि भौगोलिक सर्वेक्षण’ असे म्हटले. दक्षिण भारत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांच्या जाळ्याने मोजायचा आणि त्याच जाळ्याच्या आधाराने पृथ्वीचा नेमका आकारही शोधायचा, असा तो बेत होता. मद्रासच्या एका खर्चदक्ष अधिकाऱ्याने यावर घेतलेला आक्षेप आजही हसू आणतो. प्रवाशाला श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर त्याने पालखीच्या भोयांना तसे सांगावे, म्हणजे ते बिनचूक नेऊन पोहोचवतात. मग एवढ्या खर्चाचा नकाशा हवा कशाला, असा त्याचा सवाल होता. लॅम्बटन यांच्या मोजणीने त्याला परस्पर उत्तर दिले. तोवरच्या उत्तम नकाशांत मद्रासकडून पश्चिम किनाऱ्यापर्यंतची रुंदी सुमारे ४०० मैल दाखवलेली होती. ती ३६० मैल निघाली. चाळीस मैलांची जमीन केवळ कागदावर होती.

हे काम झाले कसे, ते विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे, कारण ही भूमिती तुम्ही शाळेत शिकता. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन ठाऊक असले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्यांतील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे जमिनीवर साखळी टाकून एकच रेषा अत्यंत काळजीने मोजायची, पुढे टेकडीवरून टेकडीकडे फक्त कोन मोजत जायचे. ही पहिली आधाररेषा मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे मोजण्यास १० एप्रिल १८०२ रोजी सुरुवात झाली. लांबी जेमतेम साडेसात मैल, आणि वेळ लागला ५७ दिवस. पोलादाची साखळी शंभर फूट लांबीची होती. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून ती लाकडी पेट्यांत आडवी ठेवायची, वर सावली धरायची, पेटीपेटीत तापमापक ठेवायचे आणि प्रत्येक वेळी तापमानाप्रमाणे लांबीत दुरुस्ती करायची. पोलादाच्या गावात वाढलेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटन यांचा थिओडोलाइट जवळपास अर्धा टन वजनाचा होता. तो इंग्लंडहून येत असताना फ्रेंचांनी जहाजासह पकडून मॉरिशसला नेला. पण तो शास्त्रीय कामाचा आहे हे कळल्यावर सन्मानपूर्वक परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मुख्य वर्तुळ वाकडे झाले. नवे यंत्र मागवायचे तर वर्षे गेली असती. लॅम्बटन यांनी तंबूत बसून सहा आठवडे खपून ते वर्तुळ पुन्हा मूळ आकारात आणले. त्याच यंत्राने पुढची अनेक वर्षे काम झाले. तंत्रज्ञान म्हणजे नवी वस्तू विकत आणणे, असे आज आपल्याला वाटू लागले आहे. हाती असलेल्या यंत्राचा अंतरंगापर्यंत परिचय असणे, हेही तंत्रज्ञानच आहे.

मित्रहो, माझ्या दृष्टीने लॅम्बटन यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र याहून वेगळा आहे. एवढे प्रचंड काम करायला त्यांना माणसे कोठून मिळाली? मद्रासमध्ये १७९४ साली सर्वेक्षणाची एक छोटी शाळा सुरू झाली होती. अनाथालयातील काही मुलांना तेथे मोजणी, गणित आणि आरेखन शिकवले जाई. जोशुआ डी पेनिंग यांच्यासारखे लॅम्बटन यांचे सर्वांत भरवशाचे सहकारी याच शाळेतून आले. त्या पोरक्या मुलांनी डोंगराच्या माथ्यावर बसून रात्री-अपरात्री ताऱ्यांची निरीक्षणे नोंदली, हजारो आकडेमोडी तपासल्या आणि ज्या मोजणीवर युरोपातील शास्त्रसंस्थांनी विश्वास ठेवला ती मोजणी पार पाडली. चेन्नईचे गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालय आपली परंपरा त्याच शाळेपासून सांगते. एका लहानशा शाळेतून काय उभे राहू शकते, याचा याहून ठळक दाखला मला ठाऊक नाही. लॅम्बटन गेले तेव्हा सुमारे १,६५,००० चौरस मैल प्रदेश मोजून झाला होता. कन्याकुमारीजवळून निघालेली रेषा आजच्या अमरावती जिल्ह्यात, अचलपूरच्या परिसरातील टाकरखेड्यापर्यंत पोहोचली होती. पण त्यांनी मागे ठेवलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे शिकवलेले हात.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा नकाशा कंपनीच्या राज्यासाठी काढला जात होता. वसूल, फौजांची हालचाल आणि नवा मुलूख ताब्यात ठेवणे, हे त्याचे उद्देश होते. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात १८१९ च्या सुमारास एक तुकडी तापाने अक्षरशः आडवी झाली. काही जण परत आलेच नाहीत. टेकडीवर निशाण धरून दिवसचे दिवस उभे राहणारे खलाशी, झाडे तोडून दृष्टीचा मार्ग मोकळा करणारे मजूर आणि वाट दाखवणारे गावकरी यांची नावे अहवालांत क्वचितच आहेत. पुढे १८४१ पर्यंत जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही रेषा हिमालयाच्या पायथ्याशी नेली. १८५२ च्या सुमारास राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच असल्याचे निष्पन्न झाले. शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्ट यांचे. शिकदार यांनी सर्वेक्षणाच्या १८५१ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात महत्त्वाचा शास्त्रीय भाग लिहिला होता. पण १८७५ च्या आवृत्तीतून त्यांचा ऋणनिर्देश वगळला गेला आणि त्यावर वृत्तपत्रातून टीका झाली. नकाशा कोण काढतो आणि नाव कोणाचे राहते, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे.

या प्रश्नाला स्वतंत्र भारताने दिलेले एक उत्तर म्हणजे प्रा. शिवप्रसाद चटर्जी यांचे जीवनकार्य. चटर्जी मोजणीदार नव्हते. ते भूगोलाचे प्राध्यापक होते. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी भूगोलाचे अध्यापन उभे केले. मेघालय हे नाव, राज्य निर्माण होण्याच्या कितीतरी आधी, त्यांनीच आपल्या संशोधनात त्या पठाराला दिले होते. १९५६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय अॅटलास संघटना स्थापन झाली आणि १९५७ मध्ये भारताचा पहिला राष्ट्रीय अॅटलास प्रसिद्ध झाला. त्याची भाषा हिंदी होती. स्वतंत्र देशाने आपले पहिले समग्र चित्र आपल्या एका भाषेत छापले. पाऊस, माती, पिके, लोकवस्ती, उद्योग यांची नावे भारतीय भाषेत लिहूनही नकाशा शास्त्रशुद्धच राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या शाळेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

यानंतरचे पाऊल जमिनीवरून आकाशात पडले. त्यात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते प्रा. पी. आर. पिशारोटी मूळचे केरळचे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक होते. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या झाडांना रोग लागला होता. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पाने अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात, रोगट पाने कमी. त्यामुळे जमिनीवरून नुसत्या डोळ्यांना रोग दिसण्याआधीच तो छायाचित्रात दिसू लागला. भारतातील दूरसंवेदनाची ही सुरुवात मानली जाते. येथेही शाळा आधीच उभी होती. हवाई छायाचित्रे वाचायला शिकवणारी संस्था डेहराडूनला १९६६ मध्येच नेदरलँड्सच्या सहकार्याने स्थापन झाली होती. आज ती भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला, तेव्हा त्याची चित्रे वाचू शकणारी माणसे देशात तयार होती. त्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याला जमिनीवरचा सुमारे ७२ मीटरचा चौकोन एका ठिपक्याएवढा दिसे. २००५ च्या कार्टोसॅट-१ ला अडीच मीटरपर्यंतचे दिसू लागले. आपल्या जवळच्या नागपुरात महाराष्ट्राचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. भूगोलात रस असणाऱ्या मुलांना दूर कोठे जाण्याची गरज नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

नागपूरचा उल्लेख आला, तेव्हा तेथील अजब बंगल्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये आपल्या भागातील दल्ली-राजहराच्या लोहखनिजाचा अहवाल प्रसिद्ध केला होता. पुढे १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा नागपुरात एका अधिकाऱ्याची वाट पाहत असताना समोरच्या संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा टांगलेला होता. त्यावर दुर्गच्या भागात लोखंडाची गडद खूण पाहून ते थबकले आणि राजहराच्या टेकड्यांपर्यंत गेले. टाटांचा कारखाना शेवटी दुसरीकडे झाला. पण त्याच टेकड्यांच्या भरवशावर पुढे भिलाई उभी राहिली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तिच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आपल्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा ज्या कारखान्यामुळे येथे आले, त्याची पूर्वसूचना भिंतीवरच्या एका नकाशात होती. तो नकाशा अनेकांनी पाहिला असेल. वाचणारा मात्र एखादाच निघाला.

आता आजचा प्रश्न. प्रत्येकाच्या खिशात उपग्रहाचा नकाशा आहे. मग मुलांना नकाशा शिकवायचा कशाला? शंकेचे स्वरूप पालखीच्या भोयांसारखेच आहे. फक्त भोयांची जागा फोनने घेतली आहे. माझे उत्तर असे की, फोन वाट दाखवतो, भूमी ओळखायला शिकवत नाही. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावे देतो : उंचावरची लाल मुरमाड ती भाठा, तिच्याखालची पिवळसर मटासी, मधली डोरसा आणि सखल भागातली काळी ती कन्हार. या चार शब्दांत उतार, रंग, ओल आणि पीक सारे सामावले आहे. उपग्रहाच्या चित्रात हे रंगांचे ठिपके असतात. कोणता ठिपका भाठा आणि कोणता डोरसा, हे प्रत्यक्ष शेतात जाऊन कोणीतरी ठरवावे लागते. दूरसंवेदनाच्या शास्त्रात या क्षेत्र-पडताळणीवाचून एकही नकाशा ग्राह्य धरला जात नाही. म्हणजे यंत्र कितीही उंचावर गेले तरी शेवटचा शब्द जमिनीवर उभ्या असलेल्या आणि तिथली भाषा जाणणाऱ्या माणसाचा असतो. घरी मराठीतील बरड, पांदण, शिवार आणि बाहेर छत्तीसगडीतील भाठा, खार, तरिया असे दोन्ही शब्द जाणणारे मूल या कामाला इतरांहून कमी नाही, काकणभर सरसच आहे.

यात व्यवहारही आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. गावांतील वस्तीची मोजणी ड्रोनने करून घरमालकांना मालमत्तेची पत्रके द्यायची, अशी ही योजना आहे. फेब्रुवारी २०२१ पासून नकाशांच्या वापरावरील जुनी बंधनेही मोठ्या प्रमाणात सैल झाली. पण नकाशा हाती आला आणि तो वाचता आला नाही, तर हक्क कागदावरच राहतो. आपली सीमा कोठून गेली आहे, गावचा तलाव नकाशात आहे की गायब झाला आहे, खसऱ्याचा क्रमांक आणि प्रत्यक्ष जमीन जुळते की नाही, हे ज्याला समजते त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आमच्या विदर्भातील नातलगांना सातबारा वाचता येतो, येथे बी-१ आणि खसरा वाचता आला पाहिजे. भूगोलाचा तास या कामी यावा, अशी माझी अपेक्षा आहे.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मी शाळेपुढे दोन सूचना ठेवतो. त्यांना फारसा खर्च नाही.

पहिली अशी. आपला परिसर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ६४ जी या नकाशाच्या चौकटीत येतो. आठवी-नववीच्या मुलांनी त्या भागाचा स्थलदर्शक नकाशा घेऊन जुनवानीच्या परिसरात हिंडावे आणि जुन्या नकाशातील तलाव, पायवाटा, नाले, आमराया आज कोठे आहेत, याची नोंद करावी. गाव शहरात मिसळते तेव्हा सर्वांत आधी नावे हरवतात. वडीलधाऱ्यांना विचारून ती नावे मराठी आणि छत्तीसगडी अशा दोन्ही भाषांत लिहावीत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना संगणकावर नकाशे करता येतात, त्यांनी या नोंदींचा नकाशा करून द्यावा. शाळेच्या पुढच्या स्मरणिकेसाठी याहून चांगला मजकूर मिळणार नाही.

दुसरी सूचना लॅम्बटन यांच्या आठवणीची. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी आणि मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजावी. ती सुमारे ३९ सेंटीमीटर भरेल आणि तिची रेषा अचूक उत्तर दाखवील. त्याच दिवशी हिंगणघाटच्या एखाद्या शाळेतील मुलांनी अशीच काठी उभी केली, तर तेथील मध्यान्ह आपल्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी होईल आणि सावली साडेसदतीस सेंटीमीटरच्या आसपास भरेल. सव्वा-दीड सेंटीमीटरच्या या फरकात दोन गावांमधील दक्षिणोत्तर अंतर, म्हणजे सत्तरएक किलोमीटर, दडलेले आहे. मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर उत्तर पाच किलोमीटरहून अधिक चुकेल. अर्ध्या टनाचे यंत्र आणि ५७ दिवसांचा धीर कशासाठी लागला, हे मुलांना त्या एका मिलिमीटरात कळेल. त्यांच्या हाती कोणतेही उपकरण पुढे आले तरी ती त्याच्यावर डोळे झाकून विसंबणार नाहीत.

लॅम्बटन यांच्या हाती साखळी होती, चटर्जी यांच्या हाती रंग आणि कागद, पिशारोटी यांच्या हाती कॅमेरा. आजच्या मुलांच्या हाती आणखी काही येईल. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे कोणीतरी कोणाला तरी शिकवले, एवढाच. मद्रासच्या त्या छोट्या शाळेत मुलांना साखळी कशी धरायची ते शिकवणाऱ्या शिक्षकांना आपण हिंदुस्थानचा नकाशा घडवत आहोत, याची कल्पनाही नसेल. या शाळेत साठ वर्षे फळ्यावर अक्षांश-रेखांश काढणाऱ्या गुरुजनांनाही आपले विद्यार्थी कोठवर पोहोचले, हे सगळे ठाऊक नसेल. आज समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ते त्यांना सांगावे, आणि शाळेच्या पुढील वाटचालीला आपला हात द्यावा.

शाळेला आणि शाळेच्या परिवाराला मनःपूर्वक शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.